सेहरीला न उठलेली लाइन

रत्नागिरी,
मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६
सहावा रोजा

प्रिय हाशिमभाई,

अस्सलामु अलैकुम.

आम्ही दोघी इकडे अल्लाच्या मेहरबानीने ठीक आहोत. तूही तिकडे कुवेतला रात्रपाळ्या आणि रोजे दोन्ही सांभाळून तब्येतीने असशील. पत्र बघून दचकू नकोस. कमालचाचांची सुट्टी संपली, शनिवारी ते परत निघतायत, आणि शेजारचा माणूस तिकडे चाललाय म्हटल्यावर आपली पिशवी त्याच्या गळ्यात पडतेच. ह्या खेपेला पिशवीबरोबर हे पाकीटही देणार आहे.

पिशवीत सोडे आहेत, कोकमं आहेत, फणसपोळी आहे आणि घरचा मसाला आहे. मसाला ह्या वर्षी मी केला, अम्मी नुसती शेजारी बसून सांगत होती, त्यामुळे तिखट कमीजास्त झालं असेल तर शिव्या मला घाल. सोडे वेगळे बांधा म्हणून चाचींना दोनदा सांगितलं, त्यांनी सगळं एकत्र कोंबलं. फणसपोळीला सोड्यांचा वास लागला तर मुकाट्याने खा.

बाकी बातम्या नेहमीच्याच. परसातल्या कलमाला मोहोर चांगला आलाय, पण सकाळी धुकं पडतंय, किती टिकेल कोण जाणे. बुरोंडीच्या खालाने तुझ्यासाठी आणखी एक स्थळ आणलं आहे. मुलगी दापोलीला शेतकी कॉलेजात शिकवते. फोटो मी पाहिला. बरी आहे, तुझ्या मानाने तर फारच बरी आहे. अम्मीने फोटो हातात घेतला आणि तसाच मला परत दिला. "मी मानूस बगीन, कागद नाय," म्हणाली.

आता तुझ्या रागाचं बोलते. रविवारी पहाटे सेहरी खाताना तू मला जे ऐकवलंस ते मला लागलं आहे. "एवढी नेटवर्कवाली इंजिनियर घरात, आणि अम्मीचा चेहरा मला चौकोनाचौकोनांचा दिसतो!" वर हळूच विचारलंस की तुम्हीच मुद्दाम फोन ठेवता का. मी हसले आणि आवाज येत नाही असं दाखवून फोन बंद केला. म्हणजे त्या दिवशी तरी मुद्दामच ठेवला.

पण तू म्हणालास ते खरं आहे, भाई. फोन खराब होतोय तो माझ्यामुळे. हे तुला फोनवर सांगता येत नाही, कारण आपलं घर केवढं, अम्मीच्या कानावर पडल्याशिवाय राहत नाही. मेसेज लिहिला तर तू क्रेनवरून उतरता उतरता दोन ओळी वाचणार, लगेच फोन लावणार, आणि फोन अम्मी उचलणार. म्हणून हा कागद.

माझं काम मी तुला कधी धड सांगितलं नाही, कारण सांगायला लागले की तू "म्हणजे वायफायवाली" म्हणून मोकळा होतोस. आज नीट ऐक. दापोलीपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने आमच्या कंपनीची ऑप्टिकल फायबरची लाइन आहे. केसाएवढ्या काचेच्या तारा, आणि त्यांतून प्रकाश धावतो. तुझा चेहरा, चाचींची भांडणं, बँकांचे हिशेब, सगळं त्या प्रकाशातून जातं. लांब गेला की प्रकाश दमतो. म्हणून वाटेत जागोजागी खोल्या बांधल्या आहेत, तिथली यंत्रं त्याला पुन्हा जोर देतात. ही यंत्रं दिवसरात्र वीज खातात आणि तापतात. मग त्यांना गार ठेवायला एसी, आणि लाइट गेले की धडधडणारा जनरेटर. रात्री सगळं कोकण झोपलेलं असताना एवढी वीज कशाला जाळायची, ह्याच्यावर मी दोन वर्षं डोकं झिजवलं.

त्यातून जी योजना निघाली ती साधी आहे. रात्रीच्या दोन एसट्या अर्ध्या रिकाम्या धावत असतील तर एक डेपोत उभी ठेवायची आणि माणसं दुसरीत बसवायची. तसंच आमच्या लाइनीचा अर्धा भाग गर्दी ओसरली की झोपतो, खोल्यांतली अर्धी यंत्रं झोपतात, एसी बंद होतात. डिसेंबरपासून प्रयोग चालू आहे. राजापूरच्या बाजूला एका खोलीला लागून घर आहे, तिथली बाई मला म्हणाली, जनरेटर गप्प झाल्यापासून आमची कोंबडी अंड्यांवर बसायला लागली. कंपनीच्या अहवालात कोंबडी घालता येत नाही, नाहीतर मी तिला पहिल्या पानावर घातली असती. मार्चअखेर हा प्रयोग संपतो. आकडे चांगले आले तर पुढे गोव्यापर्यंत सगळ्या लाइनी अशाच झोपवणार आहेत, आणि ते काम मला इथेच बसून करता येईल, पुण्याला जावं लागणार नाही.

आता चूक सांगते. कुठल्या वेळी झोपायचं हे ठरवताना आमचा प्रोग्रॅम गेल्या वर्षी त्याच तारखेला लोक किती जागे होते ते बघतो. गेल्या वर्षी पहिला रोजा दोन मार्चला होता. ह्या वर्षी एकोणीस फेब्रुवारीला. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो हे आपल्या मोहल्ल्यातलं शेंबडं पोर सांगेल. प्रोग्रॅमला ते कुणी सांगितलंच नाही. त्याच्या लेखी हे साधे फेब्रुवारीचे दिवस आहेत आणि पहाटे पाचला किनाऱ्यावर चिटपाखरू जागं नाही.

आणि सांगायचं कुणी होतं? मीच. यादी करताना मी तिथेच बसले होते. आमचे साहेब गुरुप्रसाद म्हणाले, गणपती घाला, अख्खी मुंबई कोकणात उतरते. घातला. शिमगा घाला. घातला. आणखी काही, म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी नाही म्हणून मान हलवली. त्या ऑफिसात मी आधीच "नसीमा मॅडम, बिर्याणी कधी?" अशी आहे. रमजानचं मी काढलं तर घरचं ऑफिसात आणते असं होईल, असं मला वाटलं. म्हटलं, आकडे बोलतील की. आकडे बोलले, पण गेल्या वर्षीचं बोलले.

तू म्हणशील, गर्दी झाली की लाइन जागी होत नाही का? होते. पण इथे दुसरी गंमत झाली. व्हिडिओ कॉलची अ‍ॅपं शहाणी असतात, जागा कमी आहे असं दिसलं की ती चित्रच हलकं करतात. म्हणजे एसटीत माणसं अंग चोरून, मांडीला मांडी लावून बसली, आणि कंडक्टरला वाटलं अजून जागा आहे. त्याने दुसरी गाडी बोलावलीच नाही. सेहरीच्या वेळी मिरकरवाड्यापासून सगळ्या मोहल्ल्यांत कुवेत, दुबई, मस्कत उघडं असतं, आणि प्रत्येकाचा माणूस धुरकट दिसतो, आणि माझ्या पडद्यावर सगळं हिरवंगार.

काल मी हे शोधून काढलं आणि घरी येऊन अम्मीला सांगितलं की हाशिम धूसर दिसतो तो माझ्या लाइनीमुळे. अम्मी इतकी हसली, इतकी हसली की मला पाणी द्यावं लागलं असतं, पण रोजा होता. "तुज्या लाइनीचा सत्यानास होवो," म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ती एवढी का हसली ते आता लिहीत बसत नाही. इफ्तारची तयारी करायची आहे, उद्या साहेबांशी बोलायचं आहे, आणि माझं कशातच लक्ष नाही.

*

गुरुवार, २६ फेब्रुवारी

पत्र परवा अर्धं राहिलं. काल लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा दुधाला, एकदा उगीच दाराची कडी बघायला, आणि एकदा कशाला ते आता आठवत नाही.

काल गुरुप्रसादांकडे गेले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "अहो, दोन मार्चला आपोआप जागी होईल ती. गेल्या वर्षीचा रमजान लागेल ना तिला. चार सेहऱ्या कशाबशा काढा. आत्ता मध्येच हात लावला तर पुण्याच्या हेड ऑफिसचे लोक म्हणतील, प्रयोग मोडला, आकडे धरता येत नाहीत."

त्यांचं चुकत नव्हतं. मी तरी वाद घातला. म्हटलं, साहेब, ह्या मोहल्ल्यांत घराआड एक माणूस आखातात नाहीतर बोटीवर असतो. वर्षभर तो जेवताना दिसत नाही. हा एक महिना त्याच्याबरोबर घास खायचा असतो. गुरुप्रसादांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे झालं सगळ्यांचं. तुमचं काय आहे? तुम्ही दोन दिवस झोपलेल्या दिसत नाही."

आणि भाई, मी त्यांना सांगितलं. तुझ्याआधी त्यांना. परका माणूस, टेबलावर डबा उघडा, बाहेर शिपायाची ये-जा, आणि मी रडत बसले होते. आता तुला न सांगून चालणार नाही.

अम्मीचे डोळे जात आहेत.

जानेवारीत आम्ही कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो असं तुला सांगितलं. लग्नबिग्न काही नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. साखरेने आतला पडदा खराब झाला आहे. डाव्या डोळ्याने तिला नुसता उजेड-अंधार कळतो. उजव्यात इंजेक्शनं दिली, लेझर केलं. डॉक्टर चांगले होते, फसवलं नाही त्यांनी. म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते धरून ठेवायचा प्रयत्न करू, पण किती दिवस ते विचारू नका. रोजे ठेवू नका असंही सांगितलं. ऐकेल ती अम्मी कसली.

परतीच्या एसटीत तिने माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "हाशमाला बोलायचा नाय. तिकडं वर चडून काम करतो तो. त्याचा ध्यान हितं लागला नि पाय सरकला, मंग?" मी शब्द दिला. तुझी क्रेन केवढी उंच आहे ते तूच फोटो पाठवून आम्हाला दाखवलंस, मग मी काय करणार होते?

तेव्हापासून ह्या घरात एक नाटक चालू आहे. अम्मी माझ्यासमोर दिसत असल्याचं नाटक करते आणि मी तिला दिसतंय असं मानल्याचं. तांदूळ निवडायचे तिने सोडले, म्हणते पाठ दुखते. कुराण आता पाठ आहे तेवढंच म्हणते. मसाला मी केला तो त्याच्यामुळे. तुळसा मासे घेऊन येते ना, ती मला परवा बाहेर बोलावून म्हणाली, "तुजी आय आता कल्ले उगडून बगत नाय गो. हात लावते नि मना इचारते, ताजा हाय ना? इतक्या वर्सात तिना मना कदी इचारला नव्हता." तुळसा आता स्वतःच चांगले बांगडे वेचून अम्मीच्या हातात देते आणि भावावरून खोटं खोटं भांडते, म्हणजे अम्मीला वाटावं सगळं पूर्वीसारखंच आहे.

अम्मीची सगळी भिस्त सेहरीवर होती. रमजान लागायच्या आधीपासून तिचं एकच. रमजानात हाशिम रोज दिसेल. तुझी रात्रपाळीतली मधली सुट्टी आणि आपली सेहरी नेमकी जुळते ह्याचा तिला केवढा अभिमान, सगळ्या मोहल्ल्याला सांगून झालंय. मी ऑफिसातून मोठा टॅब आणला, बिस्किटांच्या डब्याला टेकवून तिच्या उजव्या हाताला ठेवला, अगदी डोळ्यांजवळ. पहिल्या दिवशी तू आलास आणि अम्मी टॅबवर वाकली. "जरा फुडं ये रे. उजेडात बस," म्हणाली. तू पुढे सरकलास. नंतर भांडी घासता घासता म्हणाली, "आटपला वाटता माजा." तीन दिवस ती डोळे पार गेले असंच मानून होती. रोज तुझ्याकडे बघून हसत होती आणि फोन बंद झाला की भिंतीकडे तोंड करून पडत होती.

मग रविवारी तू चौकोनाचौकोनांचं बोललास, आणि मी पहिल्यांदा टॅबकडे नीट बघितलं. तोवर मी फक्त अम्मीच्या तोंडाकडे बघत होते. तू मलासुद्धा धूसर दिसत होतास! भाई, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. सोमवारी ऑफिसात धावत गेले, लाइन झोपलेली सापडली, आणि स्वतःची एवढी मोठी चूक बघून मी नाचायची बाकी राहिले होते. म्हणून अम्मी हसली होती. दोष डोळ्यांचा नाही, लाइनीचा आहे. नसीमाची चूक आहे. सुभानअल्ला.

गुरुप्रसादांनी सगळं ऐकलं आणि उघडा डबा झाकून ठेवला. मग म्हणाले, "शुक्रवारच्या पहाटेपासून जागी ठेवा. पुण्याला काय ते मी सांगतो." मी उठले तर मागून म्हणाले, "आणि तो रमजान घाला यादीत, चंद्राच्या हिशेबाने, कायमचा. आधी का नाही बोललात? मी काय खाणार होतो तुम्हाला?"

आज दिवसभर बसून घातला. आता ह्या लाइनीला चंद्र कळतो. दोन वर्षांचं काम पुण्याच्या लोकांनी फेटाळलं तर फेटाळलं, त्याचं मला आज काही वाटत नाही. मला वाटतंय ते दुसरंच. शेवटचं बटण दाबताना मनात आलं, नको. दोन तारखेपर्यंत थांबू. तेवढ्या सेहऱ्या तरी दोष माझ्या लाइनीचाच राहील. अम्मी रोज लाइनीला शिव्या घालेल आणि खुशीत झोपेल. उद्या चित्र स्वच्छ आलं आणि तरीही...

दाबलं बटण. उद्या पहाटे कळेल.

*

शुक्रवार, २७ फेब्रुवारी, दुपार

जुम्म्याची नमाज होऊन माणसं परत चालली आहेत. अम्मी आत पडली आहे. संध्याकाळी हे पाकीट मला चाचींकडे पोचवायचं आहे, म्हणून भराभर लिहिते. अक्षर समजून घे.

आजची सेहरी तू तिकडून बघितलीस. इकडून कशी होती ते मी सांगते.

लाइन जागी झाली होती. मी पाचच्या आधीच तपासलं. तुझा फोन आला आणि तू इतका स्वच्छ दिसलास की मला कसंतरीच झालं. तुझ्या दाढीत पांढरे केस आहेत हे मला माहीत नव्हतं. हनुवटीवर काहीतरी लागलंय ते तू बोलला नाहीस. तुझ्या मागे कँटीनच्या भिंतीवर हेल्मेट घालण्याची सूचना आहे, ती मी इथून वाचली. तू ओरडलास, "अगो आज तुम्ही दोगी समोर बसल्यासारख्या!" आणि अम्मी म्हणाली, "व्हय रे बाबा, आज कसा साफ दिसतोस!"

तेवढ्यात तू विचारलंस, "अम्मी, तू कुटं बगतेस?" आणि मी घाईघाईने म्हटलं, मांजर आलंय.

घरात मांजर नव्हतं, भाई. चार्जरची वायर पुरेना म्हणून आज मी टॅब डाव्या हाताला ठेवला होता, आणि अम्मीला सांगायचं राहिलं. उजव्या हाताला नेहमीच्या जागी पाण्याचा स्टीलचा जग होता, त्याच्यावर दिव्याचा उजेड पडला होता. अम्मी त्या जगाकडे बघून हसत होती. आवाज दुसरीकडून येतोय हेही तिला कळलं नाही, तू एवढ्या मोठ्याने बोलत होतास. पदर सारखा केला तिने त्याच्यासमोर. जगाला म्हणाली, कसा साफ दिसतोस.

मी टॅब उचलून गुपचूप तिच्यासमोर आणला. तिला फरक कळला नाही.

फोन ठेवल्यावर तिने हात धुतले. मग मला विचारलं, "आज साफ होता ना गो?"

दोन वर्षं मी त्या लाइनीसाठी रक्त आटवलं. आज पहाटे ती जशी चालली तशी कधी चालली नव्हती. आणि मी अम्मीला म्हटलं, नाही. म्हटलं, आपलं चित्र त्याच्याकडे साफ जातं, म्हणून तो तसं म्हणाला. त्याचं आपल्याकडे येताना अजून धूसरच येतं. जायची तार वेगळी असते अम्मी, यायची वेगळी. यायची अजून झोपलेली आहे.

जायची-यायची तार खरंच वेगळी असते. बाकी सगळं खोटं होतं.

अम्मी माझ्याकडे तोंड करून बसली होती, म्हणजे माझ्या खांद्याकडे. तिने विश्वास ठेवला की नाही ते मला अजून कळत नाही. हळूच म्हणाली, "मंग यायची उटव ना गो, नसीमा. ईदच्या आदी उटव."

मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडला.

माझ्या हातात होतं ते मी सगळं करून झालं. यंत्रं जागी आहेत, एसी चालू आहेत, किनारा उजळलेला आहे आणि चाची सकाळीच सांगून गेल्या की चाचांचा मोठा मुलगा दुबईहून अगदी लख्ख दिसला. मोहल्ला खूश आहे. ही सगळी चूक माझी असती तर किती बरं झालं असतं! मी जन्मभर सगळ्यांची माफी मागत फिरले असते.

आता मुद्द्याचं वाच. अम्मीला दुपारच्या उन्हात अजून दिसतं. अंगणात, हाताच्या अंतरावर, ऊन चांगलं असलं की. कालच तिने माझ्या कपाळावर बोट टेकवून पुटकुळी आलीय म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले तसं हे किती दिवस पुरेल ते कुणालाच माहीत नाही. तू दर वर्षी सुट्टी जूनमध्ये घेतोस. ह्या वर्षी जूनमध्ये येऊ नकोस. जूनमध्ये आपल्याकडे चार वाजता दिवे लावावे लागतात, आभाळ खाली उतरलेलं असतं, आणि अम्मीला त्या उजेडात दारही दिसायचं नाही. ईदला ये. ईद जमली नाही तर ईदनंतर लगेच ये, पण ऊन आहे तोवर ये.

तुझं कंत्राट आहे, तिकडे सुट्टी मागणं म्हणजे काय ते मला कळतं. "ईदला जमत नाय" असं तू तीन वर्षं म्हणतोयस आणि आम्ही तीन वर्षं बरं म्हणतोय. ह्या वेळी मी बरं म्हणत नाही.

अम्मीच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द मी रमजानात मोडला. त्याचं जे व्हायचं ते माझं आणि अल्लाचं. तू एवढंच कर. हे वाचल्यावर लगेच वर चढू नकोस. खाली बस, पाणी पिऊ शकत असशील तर पी, आणि त्या दिवशी क्रेनवर जाऊ नकोस. अम्मीची भीती खोटी ठरव.

फोनवर ह्यातलं काही बोलू नकोस. सेहरीला रोज ये, हस, आणि अम्मी कुठेही बघत असली तरी विचारू नकोस. तिकीट काढ, पण सकाळच्या गाडीने उतर, म्हणजे घरी पोचशील तेव्हा ऊन अंगणात असेल. मी तिला काही न सांगता बाहेर खुर्चीवर बसवून ठेवीन. आल्यावर ओरडू नकोस, हाक मारू नकोस. नुसता तिच्यासमोर जवळ येऊन उभा राहा, आणि ती ओळखेपर्यंत हलू नकोस.

तुम्हा दोघांशी खोटं बोलून दमलेली,
तुझी बहीण
नसीमा